घरटं क्रमांक अकरा

वीबे गेला तेव्हा मागे राहिले
तेवीस झेब्रा फिंच, एक छोटा वजनकाटा
आणि चौकड्यांची वही.
वहीत घरट्याचा क्रमांक, खाणं, उजेडाचे तास,
अंडी, त्यातली पोकळ किती,
आणि शेवटी दोन रकाने: नर. मादी.
आमच्या लग्नाची तारीख मात्र
दर वर्षी मलाच सांगावी लागे.

घरटं तीन: नुसते कोरडे राळे.
पाच नर, एक मादी.
घरटं चार: उकडलेलं अंडं, मोड आलेले राळे,
काकडी, समुद्रफेस.
दोन नर, चार माद्या.
पुढे बारीक पेन्सिलीने: ‘बघ!’
कोणाला म्हणाला असेल?
मी तर तेव्हा खाली
त्यांच्याच पाण्याच्या वाट्या घासत होते.

त्याचं म्हणणं असं,
की भरल्या ताटावर मुली होतात,
ओढगस्तीत मुलगे.
मुलीला वाढायला जास्त लागतं, निदान फिंचांत.
आणि पक्ष्यांत हे आई ठरवते, बाप नाही,
अंड्यातच ठरून येतं.
हे सांगताना तो चष्मा काढायचा,
जणू दवाखान्यातून काही वाईट कळलंय.

मग त्याला वाटू लागलं, खाण्यात नाही, कड्यात आहे.
नराच्या पायात लाल कडं घातलं
की मादी भाळते आणि मुलगेच देते.
घरटं सात, लाल. आठ, लाल. नऊ, हिरवं.
त्या नाताळात मी त्याला लाल मोजे विणले.
त्याने घातले, पाय हलवून पाहिले,
आणि विचारलं, “हे कशाबद्दल?”

गुरुवारी झान्डामच्या पक्षीमंडळात
सीत्से वही चाळून परत द्यायचा:
“नऊ घरट्यांवर काय ठरतं, वीबे?
नाणं उडव. तेही असंच पडेल.”
वीबे घरी येऊन
दिवा अर्धा तास जास्त ठेवायचा.

मी एकदाच टोकलं त्याला.
म्हटलं, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात
माझी आई ट्यूलिपचे कंद उकडून खात होती.
मधला पिवळा कोंब काढून टाकायचा,
नाहीतर पोट बिघडतं.
ही एकच पाककृती तिने कधी लिहून ठेवली नाही
आणि कधी विसरलीही नाही.
साखरबीटाचा लगदा. शेजारचं मांजर कुठे गेलं,
हे विचारायचं नाही.
आणि पुढच्या सप्टेंबरात मी.
पावणेदोन किलो. मुलगी.
मला कुठल्या रकान्यात घालशील?

तो बराच वेळ राळे निवडत राहिला.
मग म्हणाला, “माणसांत बाप ठरवतो, नेल.”

माझा बाप.
टायर नसलेल्या सायकलीवर
लग्नातल्या चादरी बांधून
बटाटे शोधत उत्तरेला गेलेला.
त्याने काय ठरवलं असेल?
फार तर, कुठल्या दारावर आधी थाप मारायची.

दहावं घरटं वहीत नाही.
तेव्हा वीबे इस्पितळात होता.
मी दाराच्या फटीतून मूठभर कोरडं खाणं टाकायची
आणि बसची वेळ गाठायची.
किती अंडी, किती जगली, मी पाहिलंच नाही.
एवढं मात्र आठवतं, की परतल्यावर
पिंजऱ्यात फार आवाज असायचा,
आणि गाणारे तर नरच असतात.
ते वाढले होते, की मीच आता ऐकत होते?
सीत्सेला विचारलं असतं तर
नाणं म्हणाला असता.

आता अकरावं.
चार पिल्लं, चोची अजून काळ्या.
गालावर नारिंगी ठिपका यायला
दोनेक महिने लागतात.
तोवर सगळी सारखीच करडी,
सारखीच हावरी.
मी रोज एक अंडं उकडते,
अर्धं त्यांना, अर्धं मला.

फेन्ना ग्रोनिंगेनहून फोन करते:
“आई, जेवतेस ना नीट?”
मी सांगते, अंडं.
ती म्हणते, “नुसतं अंडं?”
मी सांगते, काकडीसुद्धा.

वही पिंजऱ्याखाली उघडी ठेवली आहे.
दोन्ही रकान्यांवर
राळ्याची टरफलं पडत राहतात.
संध्याकाळी झटकते,
सकाळी पुन्हा तेवढीच.